आल्याडचा जवाई

आमच्या सोनदरीत मोसम नदी गावाच्या कडेनं वाहत नाही, मधून वाहते. त्यामुळे गाव एक असलं तरी काठ दोन आहेत आणि त्या दोन काठांची दोन नावं आहेत. मारुतीचं देऊळ आणि दूध डेअरी ज्या बाजूला आहे ते आल्याड. शाळा आणि पिठाची गिरणी ज्या बाजूला आहे ते पल्याड. सटाण्याहून येणारी एसटी पुलाच्या तोंडाशी थांबते तेव्हा कंडक्टर विचारतो, "आल्याड का पल्याड?" पाहुणा गोंधळून म्हणतो, "सोनदरी." मग अख्खी एसटी हसते.

तेजश्री आल्याडची. सोमनाथ आबांची थोरली मुलगी. आता ती सटाण्याला बारावीत शिकते, पण ही गोष्ट ती आठवीतून नववीत जात होती त्या उन्हाळ्याची आहे.

कांद्याचं रोप रोज बघणाऱ्याला वाढताना दिसत नाही. तेजश्री दिसायची. दिवाळीला शिवलेला ड्रेस संक्रांतीला आखूड झाला, म्हणून आईनं त्याला खालून लेस लावली. होळीला लेससुद्धा आखूड झाली. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी ती शेवटच्या बाकावर गेली, कारण तिच्या मागच्यांना फळा दिसेना. प्रार्थना म्हणणाऱ्या चार मुलींत ती होती. एका सकाळी तिचा आवाज मधेच असा काही घसरला, की पहिलीतल्या पोरांना वाटलं गुरुजीच गायला लागले. त्यानंतर तिला प्रार्थनेच्या वेळी दप्तरांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. कपाळावर पुटकुळ्या आल्या. हात कुठे ठेवावेत ते कळेना, इतके ते लांब झाले.

घरातही तिची जागा हलली. अंगणात लपंडाव रंगला की बारकी पोरं म्हणायची, "तू नको, तू लपलीस तरी दिसतेस." म्हणून ती ओट्यावर बायकांत जाऊन बसायची, तर बायका बोलणं थांबवून म्हणायच्या, "जाय व पोरी, खेळ जा." आई तर दिवसभर तिच्या मागे. ओढणी घे. पाय जवळ घे. इतक्या मोठ्यानं हसू नको. तेजश्रीला वाटायचं, आपण एक अशी वस्तू आहोत जी घरात कुठेही ठेवली तरी वाटेत येते.

पण हे सगळं एक वेळ परवडलं. खरी गोष्ट वेगळीच होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती शाळेच्या सहलीहून परत येत होती. शेजारी हर्षाली, तिची पहिलीपासूनची मैत्रीण. गाडीच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि तेजश्रीच्या तोंडावर पडलं. हर्षाली बोलता बोलता थांबली, जवळ सरकली, आणि घड्याळात बारा वाजलेले पहिल्यांदाच वाचता आलेल्या पोरीच्या आनंदानं ओरडली, "तेजे, हालू नको व! तुले मिशी फुटनी!"

हर्षालीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या मनात मुळी काहीच राहत नाही, सगळं तोंडावाटे बाहेर येतं. पुलापर्यंत येईतो शेवटच्या सीटवरच्या पोरीसुद्धा वाकून बघून गेल्या होत्या. नशीब, पल्याडच्या पोरी दुसऱ्या गाडीत होत्या.

तेव्हापासून तेजश्रीचा उजवा हात तोंडावर असायचा. बोलताना, हसताना, वाचताना. आईनं दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "दाढ दुखस का तुनी?" तेजश्री हो म्हणाली. नाही म्हटलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. मग आठ दिवस तिनं दाढेखाली लवंग धरली. आबांनी मोटारसायकलवर बसवून दाताच्या डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरांनी सगळे दात ठोकून पाहिले आणि म्हणाले, "अठ्ठावीसच्या अठ्ठावीस शाबूत. असे दात तालुक्यात नाहीत." आबा येताना सगळ्या रस्त्यानं खूश होते. तेजश्री मागे बसून वाऱ्याला तोंड देत होती आणि मनात एकच मागणं मागत होती: ओठावरच्या त्या लवेचं नाव पुन्हा कुणी काढू नये. बाकी काहीही म्हणा. खांब म्हणा, उंट म्हणा. फक्त ते नको.

आणि त्यात आखाजी आली.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि हा सण पोरीबाळींचा. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरात लाकडाची गौराई बसते. गौराई म्हणजे माहेराला आलेली लेकच. तिच्यापुढे टोपलीत धान पेरतात, ते वीतभर उगवतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ते धान नदीला द्यायचं आणि गौराईला सासरी पाठवायचं. लेक सासरी जायची तर न्यायला जवाई हवा. म्हणून दोन्ही काठांवरच्या पोरी आपल्यातली एक पोरगी निवडतात, तिला धोतर-फेटा नेसवतात, तव्याच्या काजळीनं मिशा काढतात आणि तिला जवाई करतात.

इथवर सगळं गोड आहे. पुढचं सोनदरीचं आहे.

दोन्ही जवाई गुडघाभर पाण्यात समोरासमोर उभे राहतात. मागे आपापल्या काठावर त्यांच्या पोरी. आणि मग दोन्ही बाजूंनी गाणी जोडून समोरच्या जवायाची जी काही साल काढतात, तिला तोड नाही. नियम मोजके आहेत. आईबापाचं नाव घ्यायचं नाही. घरातलं काही काढायचं नाही. जवायाच्या डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मात्र सगळं मोकळं. जवायानं हसायचं नाही, रडायचं नाही आणि पाठ फिरवायची नाही. जो आधी पाठ फिरवेल त्याचा काठ हरला. जिंकलेल्या काठाची गौराई पुढे, हरलेल्याची मागे. वर्षभर मग एसटीत, गिरणीत, डेअरीवर तेच ऐकायचं. त्याआधीची तीन वर्षं आल्याड ऐकत होतं.

आल्याडच्या पोरींची पुढारी होती गोजराबाई. साठी उलटलेली बाई, पण आखाजी जवळ आली की चौदा वर्षांची. ती जन्मली पल्याड आणि लग्न होऊन आली आल्याड, म्हणजे एक पूल ओलांडून. दोन्ही काठांची गाणी तिला येत. "माहेरले शिव्या देवाना हक माले सरकारनी दिना," असं ती म्हणायची.

निंबाखाली पोरी जमल्या. जवाई कोण, हा प्रश्न निघाला.

"गेल्या साली जवाई बुटका होता," गोजराबाई म्हणाली. "पहिल्याच गाण्याले रडना. औंदा उंच पाहिजे."

सतरा पोरींनी माना वळवल्या आणि त्या सगळ्या एकाच ठिकाणी थांबल्या.

"तेजी!" हर्षालीनं टाळी वाजवली. "उंचबी शे, आवाजबी बाप्यासारखा, आणि काजळीबी लागनार नही!"

निंबाखाली हशा असा उठला की फांद्यांवरचे पक्षी उडाले. तेजश्रीचा हात तोंडावर गेला.

तिला नाही म्हणता आलं असतं. ती उठून घरी गेली असती तर कुणी अडवलं नसतं. पण वर्षभर तिला कुणी कुठेच बोलावलं नव्हतं, ना खेळायला, ना ओट्यावर. आणि आता सतरा जणी तिच्याकडे बघून तिचं नाव घेत होत्या. बोलावलं होतं तेही नेमक्या त्याच गोष्टीसाठी, जिचं नाव निघू नये म्हणून ती लवंग चघळत बसली होती. तिनं हात तोंडावरून न काढताच मान हलवली.

"हो म्हणस का नही म्हणस?" गोजराबाईनं विचारलं.

"हो," तेजश्री हाताआडून म्हणाली.

मग पंधरा दिवस तालीम चालली, आणि खरं सांगायचं तर तिला मजा आली. गोजराबाईनं तिला बाप्याचं चालणं शिकवलं. टाच आधी टेकायची, छाती पुढे, आणि समोरचा माणूस आपलं काहीतरी देणं लागतो असं बघायचं. तेजश्री आबांचं धोतर नेसून अंगणातून अशी चालली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. ज्या हातापायांचं काय करावं ते वर्षभर कळलं नव्हतं, ते धोतरात शिरताच शहाण्यासारखे वागायला लागले.

आखाजीला चार दिवस उरले तेव्हा ती दळण घेऊन पल्याड गिरणीत गेली. गिरणीच्या ओट्यावर पल्याडच्या पोरी बसल्या होत्या. मधे वैष्णवी. तीही आठवीतलीच, गोलमटोल, गालाला खळ्या, आणि पल्याडचा जवाई तीच होती. कसलंसं गाणं चाललं होतं. दळण उरकून तेजश्री बाहेर आलेली दिसताच ते थांबलं, पण गिरणीचा पट्टाही नेमका त्याच क्षणी थांबला आणि शेवटचा शब्द मोकळ्या हवेत एकटाच राहिला.

"...मिशा!"

कुणी हसलं नाही. वैष्णवी आभाळाकडे बघायला लागली. तेजश्रीनं डबा उचलला आणि केसांवर पीठ घेऊन पूल ओलांडला. म्हणजे त्यांना कळलं होतं. हर्षालीची मामेबहीण पल्याड राहते; हर्षालीच्या तोंडून निघालेलं किती वेळात पूल ओलांडतं हे सोनदरीत कुणालाही सांगता येईल.

आता काय होणार ते तिला स्पष्ट दिसत होतं. दोन्ही काठ भरलेले, पुलावर माणसं वाकलेली, आणि चाळीस पोरी एका सुरात ते गाणं म्हणतायत. ती पाठ फिरवणार. आपण पाठ फिरवणार हे तिला आत्ताच माहीत होतं.

आखाजीच्या दिवशी कुसुम आत्या नाशिकहून माहेराला आली. सोबत तिची मुलगी स्वरदा, अकरावीतली, प्रत्येक बोटाच्या नखाला वेगळा रंग. पुरणपोळी आणि आमरस खाऊन दुपारी घर आडवं झालं. लाईट गेलेली होती. आतल्या खोलीत, कांद्याच्या चाळीकडच्या बाजूला, तेजश्रीनं स्वरदाला सगळं सांगितलं. सांगतानासुद्धा हात तोंडावर होता.

"हात काढ बघू," स्वरदा म्हणाली. मोबाईलचा टॉर्च लावून तिनं जवळून पाहिलं. "एवढंच? अगं, आमच्या वर्गात अर्ध्या जणींना असतं. मम्मीच्या बॅगेत ब्लीच आहे. दहा मिनिटं लावायचं, गायब."

"गायब म्हणजे?"

"गायब म्हणजे दिसतच नाही."

"आग व्हईल का?"

"थोडं चुणचुणतं. सौंदर्याला चुणचुणतंच," स्वरदा अनुभवी बाईसारखी म्हणाली. तिनं स्वतः ते कधी लावलेलं नव्हतं, हे ती नंतर कबूल करणार होती.

डबीतली मलई आणि पुडीतली भुकटी तिनं बशीत कालवली. किती भुकटी घ्यायची ते डबीवर लिहिलेलं होतं, पण अक्षरं बारीक होती आणि मोबाईलची बॅटरी संपत आली होती. थोडी जास्तच असू दे, असं दोघींनी ठरवलं. तेजश्री ओठावर पांढरा पट्टा लावून खाटेवर आडवी झाली. पाच मिनिटांनी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सात मिनिटांनी ती पायांनी भिंतीवर ठेका धरून होती. दहा मिनिटांनी स्वरदा तिला कॉलेजातली एक गंमत सांगत होती, ती गंमत लांबली, दोघी उशा तोंडावर दाबून हसत सुटल्या, आणि पट्टा पुसला तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती.

आरसा आणला. खोलीत अंधार, खिडकीला पोतं. दोघींनी डोळे बारीक करून पाहिलं.

"गेली!" स्वरदा म्हणाली.

"गेली?" तेजश्रीनं बोट फिरवलं. "हाताले तर लागस."

"हाताला लागू दे. दिसत नाही ना?"

खरंच दिसत नव्हती. तेजश्रीनं स्वरदाला उचललं आणि खोलीभर गरगर फिरवलं. कांद्याच्या पाटीला पाय लागला, कांदे घरंगळत ओसरीवर गेले, आत्या झोपेतून ओरडली, आणि तेजश्री दोन्ही हात हवेत सोडून हसत राहिली. कित्येक महिन्यांनी दोन्ही हात मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धरणाचं पाणी सुटलं होतं, गुडघाभर, स्वच्छ, गार. दोन्ही काठांवर साड्या आणि ओढण्यांची गर्दी, पुलावर बाप्ये. टिपऱ्या वाजत होत्या. गौराईच्या गळ्यात शेंगांच्या आणि सांजोऱ्यांच्या माळा. तेजश्री धोतर-फेट्यात आली तेव्हा आल्याडनं आरोळी ठोकली. गोजराबाई काजळीचा तवा घेऊन पुढे झाली, तशी तेजश्री म्हणाली, "राहू दे आजी. मी अशीच जाते." गोजराबाईनं डोळे बारीक केले. तिला मोतीबिंदू होता. "जशी तुनी मर्जी," ती म्हणाली.

टाच आधी टेकत, छाती पुढे काढत तेजश्री पाण्यात उतरली. समोरून वैष्णवी आली. तिच्या काजळीच्या मिशा पार कानापर्यंत ओढलेल्या होत्या.

पल्याडनं सुरुवात केली.

"आल्याडना जवाई विजेना खांब,
डोक्यावर कावळा म्हणे, थोडा थांब!"

तेजश्री ढिम्म. खांब तिला ओळखीचा होता. पाठीमागून आल्याडनं उत्तर दिलं.

"पल्याडना जवाई कांद्यानी गोणी,
नदीमा पडनी तर उचलनार कोणी?"

वैष्णवीचे गाल हलले, पण तिनं दात आवळले. असं पाच-सहा वेळा इकडून तिकडे झालं. पायांवरून, फेट्यावरून, चालण्यावरून. पुलावरचे बाप्ये चांगल्या ओळीला शिट्ट्या मारत होते. मग पल्याडच्या पोरी एकदम गप्प झाल्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, श्वास घेतला. तेजश्रीनं ओळखलं. आलं. येऊ दे, ती मनात म्हणाली. काल दुपारीच मिशी गायब झालीय. आता गा हवं तितकं.

"आल्याडना जवाईले काळ्या काळ्या मिशा,
न्हावी शोधा, न्हावी शोधा, दाही..."

दिशा काही आल्या नाहीत. गाणं पुढच्या रांगेत अडखळलं आणि मागच्या रांगेत तसंच चालू राहिलं. नुकतंच डोंगरावरून वर आलेलं ऊन सरळ तेजश्रीच्या तोंडावर पडलं होतं.

"काळ्या कुठं व? पिवळ्या शेत!" पल्याडहून एक जण म्हणाली.

"काळ्या म्हना! पंधरा दिवस काळ्या पाठ केल्यात!"

"पण पिवळ्या दिसी ऱ्हायन्या ना!"

"पिवळ्या नही, सोनेरी! देख, चमकस!"

पुलावर एक म्हातारा दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बघायला लागला. आणि मग तेजश्रीच्या पाठीमागून, तिच्या स्वतःच्या काठावरून, हसू आलं. आधी हर्षालीचं, ते तिनं लगेच ओळखलं. मग दोघींचं, चौघींचं, मग अख्ख्या आल्याडचं. आखाजीच्या मैदानात जवाई एकटा असतो, पण त्याच्या पाठीशी आपली माणसं असतात. समोरून येणाऱ्या गाण्यासाठी तिनं छाती पुढे काढली होती. पाठीवर पडलेल्या हसण्यासाठी तिच्याकडे काहीच नव्हतं.

तिला त्यांच्याकडे वळून बघायचं होतं. एकदाच. हर्षालीच्या डोळ्यांत बघायचं होतं. पण वळणं म्हणजे पाठ फिरवणं. ती तिथेच, पाण्यात, दोन्ही बाजूंच्या हसण्याच्या मधे उभी राहिली. हात वर निघाला, छातीपर्यंत आला.

समोर वैष्णवी उभी होती. ती हसत नव्हती. तिचं तोंड उघडं पडलं होतं आणि ती टक लावून बघत होती.

तेजश्रीनं ओठ न हलवता विचारलं, "खरंच पिवळी शे?"

"सोनासारखी," वैष्णवीही ओठ न हलवता म्हणाली. "आई शपथ. काय लाई व तू?"

"ब्लीच."

"माय व!" वैष्णवी म्हणाली, आणि त्यात इतकं खरं कौतुक होतं की तेजश्रीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. वैष्णवीला घाम फुटला होता. कानापर्यंत ओढलेल्या काजळीला ओहोळ फुटले होते, एक मिशी हनुवटीवर उतरली होती, दुसरी गळ्यात. आपण कसे दिसतोय याची तिला गंधवार्ता नव्हती.

तेजश्रीच्या पोटातून हसू वर निघालं. जवायाला हसायची बंदी. ते हसू गळ्यापाशी आलं, तिथे अडलं, आणि बाहेर पडायला दुसरी वाट नसल्यानं गाणं होऊन बाहेर पडलं. प्रार्थनेनंतर ती कुठेच गायली नव्हती. आवाज तसाच होता, जाड, मधेच घसरणारा. जवाई स्वतः गात नाही. गायची बंदी नाही, पण आजवर कुणी गायलं नव्हतं.

"मनी मिशी सोनानी, सराफाकडे तोली!"

टिपऱ्या थांबल्या. तेजश्रीनं छातीपर्यंत आलेला हात तसाच वर नेला आणि नसलेल्या मिशीला बाप्यासारखा पीळ भरला.

"तुनी मिशी तव्यानी, पाणीमा गयी ओली!"

वैष्णवीचा हात आपसूक हनुवटीवर गेला. तिनं तो समोर धरून पाहिला. पाचही बोटं काळी. तिच्या गालाला एक खळी पडली, मग दुसरी, मग तिचं सगळं अंग हलायला लागलं. हसू लपवायला ती गर्रकन वळली, पाय शेवाळावर सटकला, आणि पल्याडचा जवाई आल्याडकडे पाठ करून मोसमच्या पाण्यात बसला.

पुढे काय गोंधळ झाला तो सांगता येणार नाही. आल्याड नाचत होतं. पल्याडच्या पोरी आपल्याच जवायाला बघून पोट धरून बसल्या होत्या. पुलावरून कुणीतरी फेटा हवेत उडवला, तो नदीत पडला आणि मालेगावच्या दिशेनं निघून गेला.

हरलेल्या जवायाला जिंकलेल्यानं हात धरून त्याच्या काठावर सोडायचं असतं. तेजश्रीनं वैष्णवीला उठवलं. दोघी ठिबकत पल्याडला लागल्या. तिथे तेजश्रीभोवती असा गराडा पडला की तिला श्वास घेता येईना. "हालू नको व." "हात लावू का?" "मनी ताईलेबी शे, ती पार्लरात जास." "मनीबी शे, देख, अशी उन्हात ये." एक एक जण आपापलं तोंड उन्हात धरून दाखवत होती. वैष्णवी तिला हळूच म्हणाली, "माले तर काहीच फुटनं नही. उंचीबी नही, आवाजबी नही. माय म्हणस, तू अशीच राहशील हंड्यासारखी." आणि ती पुन्हा हसली, पण थोडं कमी.

"राहशील कसली," तेजश्री म्हणाली. "माझं बघ, चार महिन्यांत लेस पुरली नाही. उद्या तुला घराचं दार ठेंगणं पडेल."

वैष्णवीच्या आजीनं दोघींच्या हातात सांजोऱ्या ठेवल्या. तेजश्री काठावरच्या दगडावर पाय पसरून बसली आणि खायला लागली.

नदीपलीकडून हाका यायला लागल्या. गौराईला न्यायची वेळ झाली होती. जिंकलेला काठ आधी, आणि जवायाशिवाय गौराई हलत नाही.

"तेजे! ये ना व!" हर्षाली ओरडली. "लय भारी झालं! चल!"

तेजश्रीनं सांजोरीचा तुकडा तोडला. तिच्या पाठीवर अजून ते हसू होतं. पाणी ओसरलं तरी अंग ओलं राहतं, तसं.

"जवाई रुसना!" पल्याडच्या पोरींनी आरोळी ठोकली. त्यांना हरण्याचं दुःख विसरायला याहून चांगलं काय मिळणार होतं? "जवायाले मानपान पाहिजे!"

"काय पाहिजे जवायाले?" गोजराबाईनं तिकडून विचारलं.

तेजश्री उठली नाही. बसूनच, आवाज आवरता न घेता, ती म्हणाली, "माझ्या पाठीमागं कोण हसलं, ते आधी सांगा."

आल्याडला ओढण्या सारख्या केल्या गेल्या. मग हर्षालीनं हात वर केला, शाळेत करतात तसा. मग तिच्या शेजारणीनं. मग एक एक करत सगळे हात वर गेले. शेवटी गोजराबाईचाही गेला.

"माले दिसनं नव्हतं," ती म्हणाली, "पण सगळ्या हसन्या म्हणून मीबी हसनू."

"मग सगळ्या या न्यायला," तेजश्री म्हणाली. "पुलावरून नाही. पाण्यातून."

आखाजीचे नवे कपडे होते. कुणाच्या साडीला जर, कुणाच्या घागऱ्याला टिकल्या. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. हर्षाली आधी उतरली, नव्या घागऱ्याचा घोळ डोक्यावर घेऊन, किंचाळत, कारण पाणी गार होतं. तिच्यामागे बाकीच्या, हात धरून साखळी करून. गोजराबाई मधे, नऊवारीचा काचा वर खोचून, माहेराला चाललेली. पल्याडच्या पोरी टाळ्यांवर ठेका देत होत्या आणि प्रत्येक पडणारीला नाव ठेवत होत्या.

"आल्या का सगळ्या?" तेजश्रीनं वैष्णवीला विचारलं.

वैष्णवीनं टाचा उंचावून मोजलं. "एक राहिली. ती रंगीत नखांची."

स्वरदा आल्याडच्या काठावर एकटी उभी होती. पांढरे बूट, हातात मोबाईल, चेहरा बारीक झालेला.

"तेजू, मी हसले नव्हते गं!" ती ओरडली. "आणि मला पोहता येत नाही!"

"गुडघाभर शे व!" सगळी नदी एकदम ओरडली.

"मग थांबू," तेजश्री म्हणाली आणि दुसरी सांजोरी घेतली.

स्वरदानं पुलाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही एका हातात आणि मोबाईल दुसऱ्या हातात उंच धरून, "आई गं, आई गं" करत ती नदीत उतरली. तिचं पाऊल शेवाळावर पडलं, ती डुलली, सावरली, आणि मधल्या धारेपर्यंत येऊन पोचली.

तेव्हा कुठे जवाई उठला.